खुंटीवरचं परस्थान

पार्वतीबाई गेटजवळच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसल्या आणि पदराने मान पुसू लागल्या. उकंडराव दोन्ही पिशव्या हातात धरून उभेच होते. समोरच्या खिडकीत बसलेल्या मुलीशी हरीश बोलत होता. त्याचा आवाज आधी चढला, मग उतरला. मुलगी चिडून बोलत नव्हती. दार साडेतीनला बंद होतं, तिकिटावर तसं लिहिलेलं आहे, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आता पाचला पाच मिनिटं कमी होती.

भिंतीपलीकडे एक पांढरी इमारत दिसत होती. तिला खिडक्यांच्या ओळीच्या ओळी होत्या.

"अहो," पार्वतीबाई म्हणाल्या, "ती माडी सरकून राहिली."

उकंडरावांनी वर पाहिलं. माडी खरंच सरकत होती. मग मोठा भोंगा वाजला, आणि ती बोट असल्याचं त्यांना कळलं. भिंत उंच होती. खालचं पाणी काही दिसलं नाही. खिडक्यांची शेवटची ओळ गेली आणि तिथे नुसतं आभाळ राहिलं.

हरीश परत आला. तो सकाळीच पुण्याहून येऊन तिथे थांबला होता. तो बापाकडे पाहत नव्हता.

"काहून मागं फिरलात, बाबा?" एवढंच त्याने विचारलं.

उकंडरावांनी पिशव्या खाली ठेवल्या. त्यातल्या एकीत वरच, ज्यासाठी ते मागे फिरले होते ते गाठोडं होतं.

दिवाळीनंतर पार्वतीबाईंच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. नांदेडच्या डॉक्टरने बाप-लेकाला आत बोलावून किती दिवस उरलेत ते सांगितलं. बाईंना कोणी काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. हरीशने मात्र आईला विचारलं की तुला काय पाहायचंय. तिरुपती म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती समुद्र म्हणाली. तिचं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाकाठचं. त्याच्याहून मोठं पाणी तिने पाहिलेलं नव्हतं. समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नाही, हे तिला खरं वाटत नव्हतं. हरीशने मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढली.

घरून निघायचं त्या शनिवारी अवस होती. अवसेला दूरच्या गावाला कोणी निघत नाही. निघावंच लागलं तर आधीच्या चांगल्या दिवशी परस्थान ठेवतात. अंगावरचं एखादं कापड, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्याच दिवशी निघाला, असं धरतात. जाताना ते गाठोडं उचलून सोबत न्यायचं. ज्याचं कापड त्यात असेल तो सुखरूप घरी परत येतो, असं गावात सगळे मानतात. पार्वतीबाईंनी गुरुवारी गाठोडं बांधलं आणि गावाच्या वाटेवरल्या यशोदाबाईंच्या घरी खुंटीला अडकवून आल्या.

शनिवारी शंकरसिंगची भाड्याची जीप शेताच्या वाटेने आली, म्हणून यशोदाबाईंचं घर लागलंच नाही. वारंगा फाट्यावर चहा घेताना उकंडरावांना एकदम आठवलं. त्यांचा चहा तसाच राहिला.

"ऱ्हाऊ द्या," पार्वतीबाई म्हणाल्या. "गाडी चुकंल."

"न्हाई. तुझ्या जिवाला काही झालं म्हंजे?"

पार्वतीबाईंनी कप खाली ठेवला. शंकरसिंग म्हणाला की दादा, आजकाल परस्थान मोबाइलवर मागवून घेता येतं. कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने मुकाट्याने जीप वळवली. जाऊन येऊन तासाच्या वर गेला. नांदेडला पोचले तोवर रेल्वे सुटून वीस मिनिटं झाली होती. मग खाजगी बस. ती सकाळी घाटात ट्रकच्या रांगेमागे अडकली, ती दुपारपर्यंत. पार्वतीबाईंनी सबंध वाट पोटाशी उशी धरून काढली. गाठोडं उकंडरावांच्या मांडीवर होतं.

गेटवरून निघताना हरीश म्हणाला की चौपाटीवर जाऊ, टॅक्सीने अर्धा तास लागेल, समुद्र तोच आहे. पार्वतीबाई नको म्हणाल्या. त्यांचे पाय सुजले होते. बोटीवरूनच पाहू, पुढच्या साली येऊ, असं म्हणाल्या. हरीशने बापाकडे पाहिलं. पुढचं साल नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. उकंडरावांनी एक शब्द बोलायला हवा होता. त्यांना फार लाज वाटत होती, आणि तिथून लवकर निघायचं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "पुढच्या साली."

ठरलेला प्रवास पुरा झाल्याशिवाय परस्थान घरात घेत नाहीत. परतल्यावर पार्वतीबाईंनी ते पुन्हा यशोदाबाईंच्या खुंटीला लावलं. जूनमध्ये त्या गेल्या. शेवटचे आठ दिवस त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं.

पोळ्याच्या आधी यशोदाबाईंनी घर रंगवायला काढलं. त्या स्वतः उकंडरावांना बोलवायला आल्या. भिंती मोकळ्या करायच्या होत्या आणि त्या गाठोड्याला हात लावायला त्यांचं मन घेत नव्हतं. उकंडराव त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. यशोदाबाईंनी गाठोडं आणून पुढ्यात ठेवलं आणि चहा टाकायला आत वळल्या.

उकंडरावांनी गाठ सोडली. तांदळाला जाळी धरली होती. सुपारी होती, हळकुंड होतं. खाली त्यांचा स्वतःचा डोक्याला बांधायचा रुमाल होता, घडी घातलेला. त्यांनी रुमाल उलगडून झटकला. दुसरं कापड काही निघालं नाही.

"वयनी," त्यांनी हाक मारली, "हिचं काही पडलं का कुठं? चोळीचा खण, काही?"

यशोदाबाई दारात येऊन थांबल्या. त्यांनी हातातलं पातेलं पदराने पुसलं, कोरडं होतं तरी.

"तिचं नव्हतंच, भाऊजी. म्या इचारलं तवा, तुझं काहून न्हाई बांधलं म्हणून."

"मंग?"

"म्हणली, मी वापस आली काय अन् न्हाई आली काय. ह्यांना घरी यायला पाह्यजे."

उकंडराव रुमालाकडे पाहत राहिले. वारंगा फाट्यावर ती ऱ्हाऊ द्या म्हणाली होती. त्यानंतर मुंबई येईपर्यंत ती त्यांच्या शेजारीच बसली होती, आणि गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. एवढ्या वाटेत तिने एकदाही सांगितलं नाही.

चहा आला. त्यांनी तो घेतला. यशोदाबाईंनी विचारलं की आता हे घरी नेता का, नाहीतर नदीला सोडून द्या, दोष नाही. उकंडरावांनी मान हलवली. किडके तांदूळ अंगणात कोंबड्यांपुढे टाकले, यशोदाबाईंकडून मूठभर नवे मागून घेतले आणि रुमालाची पहिल्यासारखी घडी घातली. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला. ती घरात नेहमी पार्वतीबाईच मारत.

"रंग झाला की परत खुंटीलाच लावा," ते म्हणाले. "ते निघालेलं हाये."

हरीशचा दर महिन्याला फोन येतो. नवं तिकीट काढतो, बाबा, तुम्ही तरी या, असं तो म्हणतो. उकंडराव व्हय म्हणतात आणि सोयाबीनचं सांगू लागतात. गाठोडं यशोदाबाईंच्या निळ्या भिंतीवर आहे. समुद्र पाहायचा राहिला आहे.