समुद्राकाठचा पाटोदा

"आत्या, समिंदर बंद झाला का गं?"

सहा वर्षांचा उत्तरेश्वर खिडकीच्या गजांना नाक लावून उभा होता. बाहेर पाऊस असा लागला होता की समुद्र तर सोडाच, अंगणातली विहीरही धड दिसत नव्हती.

"बंद कावून व्हईल? त्यो काय बाजार हाय का, पाल गुंडाळून जायाला?" छबुबाई म्हणाली. "हाय तितंच हाय. भिजत बसलाय."

"मंग त्याला पडसं व्हईल."

"येडं हाय हे," त्याची बहीण वत्सला म्हणाली. ती नऊ वर्षांची होती, त्यामुळे शहाणपणाचा मक्ता तिच्याकडे होता. "समिंदराला कुटं नाक असतंय?"

छबुबाई हसली. पण हसता हसता तिनं आभाळाकडे चोरून पाहिलं आणि ते अजून काळंच आहे हे पाहून तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

ही मुलं पाटोद्याच्या सुंदरराव देशमुखांची. छबुबाई सुंदररावांची लांबची चुलत बहीण, कळायला लागायच्या आत विधवा होऊन त्यांच्या घरी आलेली. उत्तरेश्वरच्या बाळंतपणात त्याची आई गेली. घरात रडारड चालली होती, तेव्हा छबुबाईनं ते ओलं मूल उचललं. त्यानंतर ते तिनं खाली म्हणून ठेवलं नाही. गावात कुणी विचारलं की ती म्हणायची, "भावजयीचं हाय, मी नुसती संबाळते." पण पोराला ठेच लागली तर कळ हिच्या डोक्यात जायची, हे साऱ्या पाटोद्याला ठाऊक होतं.

दिवाळी उरकली आणि सुंदररावांनी मुलांना समुद्र दाखवायचं काढलं. मुंबईच्या साडूंच्या ओळखीनं अलिबागजवळ एक रिकामं घर मिळालं. पाटोद्यापासून नगरपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी, पुढे बोट. मोगलाईतलं माणूस हवा खायला इतक्या लांब जातं म्हटल्यावर गावात चर्चेला ऊत आला. हवा काय पाटोद्याला मिळत नव्हती, असंही काही जण म्हणाले.

उतरले त्याच संध्याकाळी, मुलं पेंगुळल्यावर, सुंदरराव ओसरीवर तिला म्हणाले, "छबू, हितनं मुंबईला जायाचं. पोरं आता मावशीकडंच ऱ्हातील. इंग्रजी शाळंत घालायचं. पाटोद्यात ऱ्हाऊन काय व्हनार त्यांचं?"

"आन मी?"

"तुजं तितं काय काम? मावशी हाय, दोन बाया हायेत घरात. तू वाड्यावर ऱ्हा. तुला कोन काय कमी करनार हाय?"

सुंदरराव मनानं वाईट नव्हते. फक्त पोरं आणि छबुबाई या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. मग ते म्हणाले, "पोरांना तूच सांग. माज्यानं व्हनार न्हाई. वाळूत खेळाय लागली, खुशीत आली, की सांग. तुजं ऐकतेत."

"बरं दादा," ती म्हणाली. जन्मभर ती हेच म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पाऊस सुरू झाला. ऐन कार्तिकात, ध्यानीमनी नसताना. मुलं हिरमुसली, सुंदरराव तंबाखू मळत येरझारा घालू लागले आणि छबुबाईचा जीव मात्र भांड्यात पडला. वाळूत खेळताना सांगायचं ठरलं होतं. वाळू नाही तर सांगणं नाही.

मग तिनं कंबर कसली. पोरांना घरात डांबून ठेवायचं म्हणजे माकडांचं बिऱ्हाड सांभाळणं. पहिल्यांदा सागरगोटे झाले, कवड्या झाल्या. तिला येत होत्या तेवढ्या गोष्टी संपल्या, मग येत नव्हत्या त्याही तिनं सांगितल्या. एका गोष्टीतला राक्षस दुसऱ्या गोष्टीत पुन्हा मेला तेव्हा वत्सलानं हरकत घेतली. "ह्यो तर कालच मेलता!"

"काल बेसुद पडलता," छबुबाई म्हणाली.

गोष्टी आटल्यावर तिनं ओसरीवर पाटोद्याचा बाजार भरवला. वळकट्यांच्या शेळ्या केल्या, उशा धान्याची पोती झाल्या. डोक्याला पंचा गुंडाळून ती स्वतःच चाँद फळवाला झाली आणि तोंडाजवळ हात धरून ओरडली, "बालाघाट के सीताफल! एक खाओ, दो ले जाओ!" ते इतकं हुबेहूब होतं की उत्तरेश्वर हसून हसून लोळला. मग तीच बीबीजान कासारीण झाली आणि वत्सलाच्या हातात दोऱ्याच्या बांगड्या भरताना "हात ढीला छोडो बेटी" म्हणाली. उत्तरेश्वर तहसीलदार झाला आणि बाजारात फिरून फुकट सीताफळं खाऊ लागला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं पाहिलं होतं. आवाज ऐकून सुंदररावही बाहेर आले आणि दात बघून एक वळकटी विकत घेऊन गेले.

"घरी गेल्यावर मी चाँदचाचाला सांगनार," उत्तरेश्वर म्हणाला, "तुजं दुकान आमी चालीवलं म्हनून."

छबुबाईनं डोक्याचा पंचा सोडला आणि घडी घालत बसली. घडी नीट झाली होती, तरी तिनं ती मोडून पुन्हा घातली.

तिचं तिला कळत होतं. पोरं समुद्र बघायला आली होती आणि ती त्यांना पाटोदा खेळायला लावत होती. गल्ली, पार, ओढा, शेजारची काळी म्हैस, सगळं ती त्यांच्यात भरून ठेवत होती, लांबच्या गावाला जाणाऱ्याच्या शिदोरीत मायेनं चार भाकरी जास्त कोंबाव्यात तसं.

आणि मग एका दुपारी पाऊस उघडला.

एकदम ऊन पडलं. माडांच्या पलीकडे समुद्र दिसला, जवळ, हाकेच्या अंतरावर. वाळूवर कोळ्यांची पोरं धावत होती. उत्तरेश्वर "समिंदर! समिंदर!" करत दाराशी धावला, वत्सलानं परकर खोचला. आतून सुंदररावांचा आवाज आला, "जा, ने त्यांना. आन ते बी सांगून टाक आज. परवा बोट हाय."

छबुबाई दोघांचे हात धरून अंगणाच्या फाटकापर्यंत गेली. तिथून चार ढांगांवर वाळू सुरू होत होती. पोराचा हात तिच्या हातात नुसता उड्या मारत होता. तिनं समोर पाहिलं. त्या वाळूवर पाय ठेवला की बोलावं लागणार होतं.

"वाळू वली हाय," ती म्हणाली. "पाय रुततेत. उद्या जाऊ."

"उद्या, उद्या!" वत्सला पाय आपटत म्हणाली. "रोज उद्याच म्हनती तू!"

"आज न्हाई म्हनलं ना!"

ती मुलांवर कधी आवाज चढवत नसे. उत्तरेश्वरचा चेहरा पडला आणि त्यानं गळा काढला. आता याला गप्प कसं करावं? घरात दुसरं काही उरलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते आपल्या गावचंच सुचतं. तिला धोंडी सुचली.

"चल, तुला धोंडी करू. लई पानी वतू तुज्या अंगावर."

पोर रडता रडता थांबलं. पाऊस ओढ देतो तेव्हा पाटोद्यात पोरं एकाला पाला बांधून धोंडी करतात, दारोदार नाचवतात, पाणी मागतात आणि घराघरातून बायका त्याच्यावर तांब्या ओततात. उत्तरेश्वरला लहान म्हणून ते कधी होऊ दिलं नव्हतं. इथे कडुलिंबाचा पाला नव्हता, पण अंगणात आंबा होता. डहाळे बांधून धोंडी तयार झाली, वत्सला घरधनीण झाली आणि विहिरीचं पाणी तांब्यानं ओतू लागली. "पानी दे! पानी दे!" असा एकच गलका झाला.

पोराला हसवण्यापुरताच तो खेळ होता. पण दोन-तीन तांबे ओतून झाले आणि छबुबाईनं डोळे मिटले, हात जोडले. "पानी दे," ती खरंच म्हणत होती. परवाच्या बोटीला जाऊ देऊ नको. आणखी चार दिवस दे.

"काय गो बाये!"

कुंपणापलीकडे शेजारची कोळीण उभी होती. तिच्या हातात काळे पडलेले बोंबील होते.

"पानी कोनाला मागतेस तू? माजं वाललेलं म्हावरं कुजून गेलं समदं. मानसं दर्यान हायेत. न तू पोराला नाचवून पाऊस मागतेस?"

छबुबाई ओशाळली. "आमच्याकडं मागतेत बाई. खेळ हाय पोरांचा."

"तुमच्याकडं मागतान तं तुमच्याकडं जाऊन मागा! आमच्या माथ्यावं कशाला?"

उपाशी गावात जेवणासाठी देव पाण्यात ठेवावेत ते ठीक, पण दुसऱ्याच्या भरल्या ताटाला लाथ मारायला देवाला बोलवावं, असं काहीतरी आपण केलं आहे, एवढं तिला कळलं. तिनं पोराच्या अंगावरचा पाला काढला, त्याचं डोकं पुसलं आणि त्याला आत नेलं. दिवेलागणीला पुन्हा आभाळ फुटलं. ढग काही कुणाच्या सांगण्यावरून येत-जात नाहीत, हे तुम्ही-आम्ही म्हणायचं. छबुबाईला ते कधी पटलं नाही.

दुसरा सगळा दिवस पडून काढला पावसानं. बोटीच्या सकाळी मात्र आभाळ लख्ख झालं. सामान बांधता बांधता सुंदररावांनी हळूच विचारलं, "सांगितलंस ना गं?"

"सांगितलं."

"रडली का?"

"थोडी."

"शानी हायेत," सुंदरराव म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा भार उतरला.

वाळूत खेळायला वेळच नव्हता. मुलांना उचलूनच होडीत ठेवलं आणि होडीतून बोटीत चढवलं. उत्तरेश्वरनं कठड्यावर पोट टेकून पाण्याकडे हात लांबवला, खूप लांबवला, पण हात पुरला नाही. छबुबाईनं त्याला मागे ओढून मांडीवर घेतलं. मुंबई येईपर्यंत त्याला तिनं सोडलं नाही. सांगायचं तर अजूनही सांगता आलं असतं.

धक्क्यावर मावशी व्हिक्टोरिया घोडागाडी घेऊन आली होती. सुंदररावांबरोबर आलेला गडी म्हाळू छबुबाईला घेऊन परस्पर नगरच्या गाडीला जायचा होता. सुंदरराव पुढे गाडीवानाशेजारी जाऊन बसले आणि मुलं मावशीबरोबर मागे चढली. घोडे पाहून उत्तरेश्वरला आनंदानं काही सुचत नव्हतं.

"आत्या, चढ की!"

"तुमी फुडं व्हा," ती म्हणाली. "समदी कशी मावतील? मी म्हाळूसंगं सामान घिऊन मागनं येते."

"मावतंय की," म्हणून उत्तरेश्वर बाकावर सरकला. अंग चोरून अगदी कडेला बसला आणि रिकाम्या जागेवर त्यानं पालथा पंजा ठेवला. "ही तुजी जागा. मी कुनाला बसू देनार न्हाई."

वत्सला आत्याच्या पायाशी असलेल्या एकुलत्या एका गाठोड्याकडे पाहत होती. सामान सगळं तर गाडीच्या मागे बांधून झालं होतं. मग तिनं मान वर करून आत्याकडे पाहिलं, आणि छबुबाईला ती नजर सोसवली नाही.

गाडी हलली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पोराचा पंजा त्या जागेवरच होता.

आगगाडीत छबुबाई डोळ्याला पदर लावून बसली होती. म्हाळूला वाटलं, पोरांसाठी रडते आहे. ते तर होतंच. पण तिला जाळत होतं ते वेगळंच. वाळूवर सांगितलं असतं, तर पोरं तिच्या गळ्यात पडून रडली असती. तिनं डोळे पुसले असते, समजूत घातली असती, पाण्यात पाय बुडवून आणले असते. आता पोरं परक्या घरात रडणार होती, दाराकडे बघत बघत, आणि तिथे पुसायला कुणी नव्हतं. त्यांचं रडणं आपल्याला बघवलं नसतं म्हणून आपण त्यांना एकटं रडायला पाठवलं. समुद्रही खाल्ला पोरांचा, आणि निरोपही खाल्ला.

नगरला पंडित गाडीवान बैल जुंपून उभा होता. दुपार कलताना गाडी पाटोद्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी रानं पावसावाचून होरपळून गेली होती, ज्वारी गुडघ्याच्या वर आली नव्हती. पंडितला ऐकायची हौस होती. शेवटी त्यानंच विचारलं.

"पोरं लई खेळली आसतील समिंदरात?"

"न्हाई रं."

"कावून?"

"पाऊस व्हता," छबुबाई म्हणाली. "रोज पाऊस व्हता."

पंडितनं कासरा ढिला सोडला आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उजळलं होतं.

"रोज? मंग लई नशिबाचे तुमी, बाई!"

"हां," छबुबाई म्हणाली आणि पदर पुढे ओढून घेतला.