रविवारची जुगलबंदी

ताईने व्हायोलिन हनुवटीखालून काढलं, गज मांडीवर आडवा ठेवला आणि फोनच्या इतक्या जवळ आली की पडद्यावर नुसतं तिचं कपाळ आणि चष्मा उरला.

"परत मागे राहिलीस," ती म्हणाली.

धाकटीने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीत घेतले. ती मागे राहिली नव्हती. ताईचा सूर कानात पडला की तिचं बोट पट्टीवर पडत होतं, आणि दोन्ही आवाज असे एकजीव होत होते की मध्येच तिच्या अंगावर काटा आला होता. नवशिक्यांच्या पुस्तकातली ती साधीसुधी धून, पण आपल्यालाही काहीतरी येतं असं पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं. नेमकी तेव्हाच ताई थांबली होती.

"मी तुझ्याबरोबरच होते, ताई."

"मग मला काय भास होतात? घे, पहिल्यापासून."

ताई मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, शाळा सुटली, पण ताईची शाळा काही सुटली नाही. नवरा, शेजारीण, घरी येणारा प्लंबर, सगळ्यांना ती अजून बाकावर बसवायची. धाकटी तर जन्मल्यापासून तिच्याच वर्गात. तिने निमूटपणे पहिल्यापासून घेतलं आणि ताईला खूश करायला या वेळी प्रत्येक सूर जरा आधीच वाजवला. झालं, तिच्या स्वतःच्या कानात नुसता गोंधळ माजला आणि दुसऱ्या ओळीतच बोटं अडखळली. ताईने एक लांब उसासा टाकला. तो मात्र अगदी वेळेवर ऐकू आला.

हा खटाटोप मुळात ताईचाच. घरातला रिकामा वेळ खायला उठला म्हणून तिने व्हायोलिनचा क्लास लावला, आणि थोडे दिवस जातात न जातात तोच धाकटीला फर्मावलं, की तूही काहीतरी शीक, रविवारी संध्याकाळी इंटरनेटवरून एकत्र वाजवू. धाकटी एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर परक्यांच्या हिरड्यांच्या साच्यांवर मेणात दात बसवायचे आणि घरी येऊन बाबांचं करायचं. अर्धांगाच्या झटक्यात बाबांची डावी बाजू गेली तेव्हापासून ते तिच्याकडेच होते. लग्न तिचं राहून गेलेलं, त्यामुळे तुझ्या घरात कशी मोकळीक आहे, असं म्हणून ताईनेच ते ठरवून टाकलं होतं. अशा बाईला गाणंबजावणं कुठलं सुचायला? पण ताईने फर्मानाला एक शेपूट जोडलं होतं आणि धाकटी त्याला भुलली. धून बसली की मी येते, ताई म्हणाली होती. चांगली पंधरा दिवस राहते. बाबांसमोर दोघी बसून वाजवू.

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे. त्यांची जीभ जड झाली होती, बरेचसे शब्द गेले होते, पण हे दोन शिल्लक होते. "थोरली कधी?" धाकटी त्यांच्या तोंडाशी चमचा धरून असायची, नेमकं तेव्हाच. ताई आली होती ती ते हॉस्पिटलात होते तेव्हा, आणि शाळेच्या परीक्षा आहेत म्हणून तिसऱ्या दिवशी परत गेली होती. तेव्हा शाळा होती. आता काय आहे, हे विचारायची धाकटीची छाती नव्हती. तिने वाद्यांच्या दुकानातून जुना कीबोर्ड घेतला आणि त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर शिकवणाऱ्या सरांकडे नाव घातलं.

मागे राहण्याचं हे कोडं शेवटी तिने सरांनाच सांगितलं. सर हसले. म्हणाले, तुम्ही दोघीही खरंच बोलताय. ताईंचा सूर इंटरनेटवरून तुमच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागतो. तुम्ही त्यावर बरोबर बोट ठेवता, तुमच्या कानाला सगळं जुळलेलं. पण तुमचा सूर उलट तिकडे जायला आणखी क्षणभर, आणि तोवर त्या पुढे गेलेल्या. जन्मभर वाजवलंत तरी त्यांना तुम्ही उशिराच ऐकू येणार.

"मग करायचं काय?"

"पुढे वाजवणारीने दुसरीचं ऐकायचंच नाही. दुसरं कुणी नाहीच असं समजून आपलं आपण वाजवत जायचं. मागून वाजवणारीला मग सगळं मस्त जुळलेलं ऐकू येतं." सरांनी खांदे उडवले. "मजा दोघींतल्या एकीलाच मिळणार. कुणी घ्यायची ते तुम्ही ठरवा."

त्यात ठरवायचं काय होतं? लहानपणी घरात खिडकीजवळची खाट एकच होती, आणि ती कुणाची हे कधी कुणाला ठरवावं लागलं नव्हतं.

सरांनी सांगितलेलं तिने ताईला समजावून पाहिलं. कारणं नकोत, म्हणून ताईने तिला मध्येच तोडलं. तेव्हा धाकटीने दुसरी वाट धरली. माझा ताल कच्चा आहे, ती म्हणाली, मी पुढे वाजवते, तू मागून मला सांभाळून घे. हे मात्र ताईला पटलं. कच्च्यांना सांभाळून घ्यायला ती एका पायावर तयार असायची.

पहिल्या दिवशी तेही फसलं, कारण धाकटीला न ऐकणं जमेना. ताईचा सूर उशिरा आला की ती त्याच्यासाठी थांबायची. ती थांबली की तिकडे ताईही थांबायची, आणि धून रांगत रांगत चौथ्या ओळीत बसकण मारायची. चित्र सारखं अडकतं म्हणून ताईने आधीच कॅमेरे बंद करायला लावले होते. पुढच्या रविवारी धाकटीने फोनचा आवाजही पार बंद केला. एक-दोन-तीन म्हणाली आणि त्या मुक्या खोलीत एकटीच वाजवत गेली. वेडगळासारखं वाटत होतं. शेवटची पट्टी सोडून तिने आवाज मोठा केला, तोवर ताई बोलायलाही लागली होती.

"काय जुळलं गं," ताई म्हणत होती. "मध्ये तर कळेना, माझा सूर कुठला आणि तुझा कुठला. किती वर्षांनी आपण दोघी अशा..."

ताईच्या तोंडून एवढं ऐकायला धाकटी लहानपणापासून थांबली होती, आणि ज्याच्यासाठी ते म्हटलं गेलं त्यातला एक सूरही तिच्या कानावर पडला नव्हता. तरी तिला आनंद झाला. झालाच. धून बसली होती, आता ताई येणार होती.

तिने गादी उन्हात घातली. लॅबमध्ये रजेचं बोलून ठेवलं. बाबांना मात्र सांगायला नको होतं, पण चमचा धरलेला असताना त्यांनी विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, की आता लवकरच. बाबांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. त्यांनी उजवा हात उचलून आपल्या केसांवरून फिरवला.

त्यानंतरच्या रविवारी वाजवून झाल्यावर तिने विचारलं, "मग कधीचं तिकीट काढतेस?"

"अगं, तेच सांगणार होते," ताई म्हणाली. "एवढं छान जमतंय, तर आता यायचं कारण तरी काय? दर रविवारी आपण एकत्रच असतो की. प्रवासात माझी कंबर धरते, तुला माहीत आहे. बाबांच्या उशाशी फोन ठेव, इथूनच वाजवू त्यांच्यासाठी."

"बाबा वाट बघतायत, ताई."

"त्यांना कुठे काय कळतंय आता?" ताई हे हळूच, अगदी मायेने म्हणाली.

धाकटीला खूप बोलायचं होतं. रात्री किती वेळा उठावं लागतं ते बोलायचं होतं. बाबांना काय काय कळतं, ते तर सगळंच बोलायचं होतं. तिने दात असे आवळले की जबडा दुखायला लागला, आणि बरं, म्हणाली. तिला ताईचा राग आला, आणि बरं म्हणणाऱ्या स्वतःचा त्याहून जास्त.

आणि सांगितलं तसं तिने केलंही. पुढच्या रविवारी बाबांच्या उशाशी फोन ठेवला, आवाज मोठा केला, आणि पलंगाच्या पायथ्याशी कीबोर्ड घेऊन बसली. तिचा सूर आधी, ताईचा मागाहून, तिचा आधी, ताईचा मागाहून, शेवटपर्यंत तसंच. ती न थांबता वाजवत राहिली. बाबांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोनकडे. मान वळवून त्यांनी दरवाज्याकडेही एकदा बघून घेतलं. धून संपली. फोनमधून ताई विचारत होती, कसं वाटलं बाबा.

"थोरली कधी?" बाबांनी धाकटीला विचारलं.

त्याच आठवड्यात सरांनी तिला कीबोर्डवरचं एक बटण दाखवलं. ते दाबून वाजवलं की ती पेटी वाजवलेलं धरून ठेवायची, आणि दुसरं बटण दाबलं की तसंच्या तसं ऐकवायची. नवशिक्यांना आपल्या चुका कळायला बरं पडतं, सर म्हणाले. शनिवारी कामावरून आल्यावर धाकटीने एकदा ती धून वाजवून ठेवली.

रविवारी ताईचा फोन आला तेव्हा ती बाबांच्या गालांना साबण लावत होती. दाढीला तिला रविवारीच काय ती सवड मिळायची. हात पुसून ती बाहेरच्या खोलीत गेली, एक-दोन-तीन म्हणाली, बटण दाबलं आणि परत आली. दार उघडंच होतं. बाहेर पेटी वाजत होती आणि ताई तिच्या मागोमाग जात होती. धाकटीने बाबांच्या डाव्या गालाची लोंबलेली कातडी दोन बोटांनी ताणून धरली आणि वस्तरा जपून खाली आणला. एक गाल झाला. बाहेरची धून संपली. ताईच्या हाका यायला लागल्या तशी ती वस्तरा हातात घेऊनच फोनपाशी गेली.

"ऐकतेस ना? आज कुठ्ठे डळमळली नाहीस," ताई म्हणत होती. जरा थांबून ती म्हणाली, "खरं सांगू? आज पहिल्यांदा वाटलं, तू पूर्ण माझ्याबरोबर आहेस."

धाकटी पेटीकडे बघत उभी राहिली.

"हो," ती म्हणाली. "पुढच्या रविवारीही कर फोन. मी इथेच असते."

आत बाबांच्या दुसऱ्या गालावरचा साबण सुकत आला होता. तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि पुन्हा फेस करायला घेतला.