झुंबरबाईचं झाड

सोनाळ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आमची अंजनाची राई. मालक कोणी नाही, म्हणजे सारं गाव. ओल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. चितेला आणि कबरीच्या फळ्यांना वाळलेलं लाकूड न्यायचं, आणि ज्या घरचं माणूस गेलं त्या घरानं तिथं एक रोप जगवायचं.

भादव्यात माझी बायको झुंबरबाई गेली. तिच्यामागं घरात काही वाढलं नाही, राईतलं तिचं रोप तेवढं वाढलं. मी रोज घागर घेऊन जायचो.

फाल्गुनात कळलं, सरकारनं राई लिलावात काढली. ठेकेदार तोडायला येणार. त्याच दिवशी जळगाव जामोदचे पंजाबराव आले. तरणे समाजवादी, तुरुंग भोगलेले. गाव राईत जमलं.

"जंगल कष्टकऱ्याचं!" ते म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या.

ते पुढं म्हणाले, "मंग ठेकेदाराले काऊन द्यायचं? आपनच तोडू. घरटी सारखा वाटा. ज्याले वावर नाई त्याले बी तेवढाच."

लोकांनी कुऱ्हाडी उचलल्या. मी रोपापाशी जाऊन बसलो.

"उठा किसनकाका, तुमाले बी वाटा हाये," पंजाबराव म्हणाले.

"त्यानं तोडलं त चोरी, अन् आपन वाटून तोडलं त न्याय?"

"गरिबाची चूल पेटन, काका."

"एक उन्हाळा पेटन. मंग?"

गाड्या बनवणारा रहेमतुल्ला माझ्याजवळ येऊन बसला. "माह्या मायच्या झाडाचे किती वाटे करता, तेवढं सांगा."

गोजरबाई ओरडली, "माह्या सासूचं पयले तोडा! लई छळलं तिनं मले!" सगळे हसले. मग तिनंच त्या झाडाला हात लावला. "नाई, राहू द्या. सावली बरी देते."

लोकांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

"अन् ठेकेदार आला त?" पंजाबरावांनी विचारलं.

"तुमी हाये ना," मी म्हणालो. "हेच भाषण त्याले द्या."

दुपारी ठेकेदार गाड्या घेऊन आला. प्रत्येक घर आपापल्या झाडाला पाठ लावून बसलं होतं. त्यानं कागद दाखवला, दम दिला, उठा म्हणाला. कोणी उठलं नाही. पंजाबरावांनी माझी घागर घेतली, झुंबरबाईच्या रोपाला पाणी घातलं आणि माझ्या शेजारी मातीत बसले.

सांजेला गाड्या रिकाम्या परतल्या. उद्या तो पोलीस आणील. आणू दे. रोपाला उद्याही पाणी लागणार आहे.