सोळावा आकडा

बू विलुजेंगनं फॉर्म्युला चालू केला की ऑफिसातल्या सगळ्यांना दीड तासाची सुट्टी मिळायची. शीट उघडायची, एन्टर दाबायचं आणि खुर्ची मागे सरकवून उठायचं. मग खालच्या कोपऱ्यात एक टक्का, दोन टक्के असं काहीतरी मुंगीच्या पावलानं सरकत राहायचं. तोवर कोणी तळलेली केळी आणायचं, कोणी दुपारची नमाज उरकून यायचं. मध्ये कोणी माऊसला हात लावला, तर विलुजेंग दारातूनच ओरडायची, "हात काढ! गोठलं तर परत पहिल्यापासून!"

लुमाजांग शहरातल्या त्या नेत्रसंस्थेत ती अकरा वर्षं होती. तिकडे बाईला मानानं 'बू' म्हणत आणि पुरुषाला 'पाक'. मोतीबिंदूच्या फुकट ऑपरेशनसाठी गावोगावचे कार्यकर्ते म्हाताऱ्या माणसांची नावं पाठवत, आणि एकाच माणसाचं नाव दोनदा आलंय का ते पकडणं हे तिचं काम. यादी बासष्ट हजारांवर गेली होती. एका रकान्यात प्रत्येकाच्या ओळखपत्रावरचा सोळा आकडी नंबर आणि शेजारी तिचा फॉर्म्युला: हा नंबर पूर्ण यादीत किती वेळा आलाय ते मोज. जिथं एकापेक्षा जास्त येईल, तिथं पहिलं नाव ठेवायचं आणि बाकीची उडवायची. आक्षेप असला तर कार्यकर्त्यानं पुढच्या महिन्यात यावं.

दोन वर्षांपूर्वी असाच एक जण आला होता. सुंबरवातू गावचा मिस्दी, केळ्यांचा व्यापारी, उन्हानं रापलेला. त्याच्या एकट्याच्या यादीतून शेहेचाळीस नावं उडाली होती.

"बू, ही माणसं वेगवेगळी आहेत. मी त्यांच्या अंगणात बसून लिहिलीयत."

"पाक मिस्दी, कम्प्युटरला तुमचं अंगण दिसत नाही. नंबर दिसतो."

संस्थेचे प्रमुख पाक सुरोसो यांनी मिस्दीला कामावरून काढलं आणि वार्षिक बैठकीत विलुजेंगचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. तिनं त्या मान खाली घालून स्वीकारल्या. पण आवडल्या होत्या.

मग गालिह ऑफिसात नोकरीला आला. सव्वीस वर्षांचा, बोलायला कमी, दिवसभर लवंगेच्या गोळ्या चघळणारा. एका सोमवारी तिच्या शीटचे अकरा टक्के झाले असताना तो मागे येऊन उभा राहिला.

"बू, मी वेगळ्या पद्धतीनं करून बघू? माझ्या मशीनवर. चार-पाच सेकंदांत होईल."

"चार-पाच सेकंदांत? बासष्ट हजार?"

"तुमच्या फॉर्म्युल्यात प्रत्येक ओळ उठून बासष्ट हजार ओळींना विचारत फिरते, तू माझ्यासारखी का, तू माझ्यासारखी का. बासष्ट हजार गुणिले बासष्ट हजार. म्हणून वेळ लागतो. त्यापेक्षा आधी नंबर क्रमानं लावले, तर सारखे नंबर आपोआप एकाखाली एक येतात. मग प्रत्येकानं फक्त आपल्या डोक्यावरच्या ओळीला विचारायचं. एकच प्रश्न."

पटण्यासारखं होतं, म्हणूनच तिला ते आवडलं नाही. इतकं सोपं होतं, तर अकरा वर्षांत कुणालाच कसं सुचलं नाही?

"कर," ती म्हणाली. "पण माझंही चालू राहील."

त्याचं खरंच पाच सेकंदांत झालं. एकोणचाळीस दुहेरी नावं. दीड तासानं तिचं झालं. चारशे अठरा.

विलुजेंगनं दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. "तीनशे एकोणऐंशी माणसं कुठं गेली, गालिह?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. गोळी चघळायची थांबली होती. "बघतो," एवढंच म्हणाला आणि आपल्या जागी गेला.

त्या क्षणापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. चूक झालेला माणूस गडबडतो, सबबी सांगतो. हा गप्प बसला. मंगळवारी तिनं त्याला यादी पेन ड्राइव्हवर घेताना पाहिलं. बुधवारी तो जेवणाच्या सुट्टीत एकटाच मागच्या पायऱ्यांवर बसून फोनवर बोलत होता. ती कप धुवायच्या निमित्तानं खिडकीपाशी गेली.

"नाही, पाक मिस्दी," तो हळू आवाजात म्हणत होता, "एवढ्यात कुणाला सांगू नका. आधी माझी खात्री होऊ दे."

तिनं कप तसाच ठेवला. मिस्दी! तिनं गुपचूप कर्मचाऱ्यांची फाइल काढली. गालिहचा पत्ता: वरच्या डोंगराकडचा तालुका, सुंबरवातूच्या शेजारचं गाव. मग ती तीनशे एकोणऐंशी नावं तिनं वेगळी काढली. निम्म्याहून जास्त त्याच तालुक्यातली.

आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. मिस्दीला हाकललं, म्हणून त्यानं आपला माणूस आत घुसवला. त्या माणसानं पाच सेकंदांची जादू दाखवली. वेगाला भुलून सगळे त्याचीच पद्धत घेणार, आणि त्या वेगाच्या आडून खोटी नावं सुखानं यादीत बसणार. तिला आपल्या हुशारीचा थोडा आनंदही झाला. पण सुरोसोंकडे जायचं नाही, असं तिनं ठरवलं. आधी पुरावा. स्वतःच्या हातानं.

गुरुवारी आणि शुक्रवारी ती गालिहशी नेहमीपेक्षा गोड बोलली.

"दमलेला दिसतोस. घरून कुणी आलंय का?"

"नाही, बू."

"गावाकडे जातोस की नाही मधूनमधून?"

"जातो की." त्यानं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "का हो?"

"सहज."

तोही तिच्याकडे संशयानं बघतोय हे तिला जाणवलं, आणि तो संशयही तिनं आणखी एक पुरावा धरला.

शनिवारी सकाळी तिनं सुंबरवातूच्या नावांचा कागद पिशवीत घातला आणि मोटरसायकल काढली. वाळूच्या ट्रकमागून धूळ खात ती दीड तास चढत राहिली. ज्वालामुखीची राख कौलांवर ताजी होती. कागदावरची पहिली जोडी होती तुमिरा आणि पाइतुन. एकच बाई दोन नावांनी बसवली असणार. तिला वाटलं, विचारल्यावर लोक गोंधळतील, एकमेकांकडे बघतील.

कुणी गोंधळलं नाही. "म्बाह तुमिरा? ते काय, आजी पडवीत बसल्यात. पाइतुनआजीपण तिथंच."

पडवीत खरोखरच दोन म्हाताऱ्या मक्याचे दाणे सोलत बसल्या होत्या. एक उंच, हाडकुळी, डोळ्यांवर जाड चष्मा. दुसरी बुटकी, तिचे दोन्ही डोळे दुधाळ. दाणे तिच्या बोटांतून भराभर गळत होते, पण निम्मे टोपलीबाहेर पडत होते.

"कोण आलंय?" बुटकीनं विचारलं.

"शहरातली बाई दिसतेय," चष्मेवाली म्हणाली. "हातात कागद आहे. मतं मागायला आली असेल."

"मतं नाहीत, म्बाह. नेत्रसंस्थेतून आले."

बुटकीचे हात थांबले. "आता आलात? तीनदा नाव दिलं मी. हिचं पहिल्याच वेळेला झालं. हिला आता माझ्या ताटातला मासा माझ्याआधी दिसतो."

"मोठाच असतो नेहमी," चष्मेवाली म्हणाली.

विलुजेंगला हसू आलं नाही. समोर दोन बायका होत्या हे खरं, पण कार्डं खोटी असू शकतात. "ओळखपत्रं दाखवता का?"

चष्मेवाल्या पाइतुननं दोन्ही कार्डं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढली. विलुजेंगनं ती मांडीवर शेजारी शेजारी ठेवली आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचायला लागली. सोळा आकडे आजवर तिनं कधी डोळ्यांनी वाचलेच नव्हते. कोण वाचतं? तालुक्याचे सहा आकडे सारखे. जन्मतारखेचे सहा सारखे. पुढं शून्य, शून्य, चार. इथवर दोन्ही कार्डं तंतोतंत एक. शेवटी एकावर तीन, दुसऱ्यावर चार.

तिनं पुन्हा वाचलं. मग कार्डं अदलाबदल करून तिसऱ्यांदा.

"दोघींची जन्मतारीख एकच कशी?"

"कुणाला ठाऊक कधी जन्मलो ते!" तुमिरा म्हणाली. "कार्डं काढायची गाडी आली होती चौकात. साहेब म्हणाला, तारीख माहीत नसेल तर एकतीस डिसेंबर लिहितो. वर्षही त्यानंच ठरवलं. आम्ही दोघी रांगेत एकीमागे एक उभ्या होतो. ही पुढं घुसली."

"मी आधीच उभी होते."

विलुजेंग उठून फणसाच्या झाडाखाली गेली आणि गालिहला फोन लावला. "कुठं आहेस?"

"खोलीवर. का, बू?"

"शीट उघड. मी दोन नंबर सांगते. एकाखाली एक लिही आणि माझा फॉर्म्युला लाव."

तिनं सावकाश नंबर सांगितले. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या.

"दोन येतंय," तो म्हणाला. "दोन्हीपुढं दोन."

"शेवटचा आकडा नीट लिहिलास? तीन आणि चार?"

"नीट लिहिलाय, बू. तुमचा फॉर्म्युला नंबरला लिखाण समजत नाही, रक्कम समजतो. आणि एवढी लांब रक्कम त्याला पंधरा आकड्यांपर्यंतच लक्षात राहते. सोळावा तो शून्य धरतो. तीन काय आणि चार काय. माझ्या पद्धतीत एक लिखाण दुसऱ्या लिखाणाशी ताडून बघतात, म्हणून फरक कळतो."

मघाचा ट्रक उतरणीला लागल्याचा आवाज येत होता.

"तुला माहीत होतं."

"बुधवारी संशय आला. मी पाक मिस्दींना कार्डांचे फोटो पाठवायला सांगितले होते. ते म्हणाले, दोन वर्षांपूर्वीच पाठवले असते, कुणी मागितलेच नाहीत."

"आणि मला का नाही बोललास?"

"बोललो असतो, तर तुम्ही म्हणाला असता, हा आपल्या गावची खोटी नावं लपवतोय."

बुधवारपासून ती मनात नेमकं हेच म्हणत होती.

मिस्दीचं घर दोन गल्ल्या पुढं होतं. तो केळ्यांचे घड टेम्पोत चढवत होता. तिला पाहून त्यानं काम थांबवलं नाही, बसा म्हणाला नाही, पाणीही विचारलं नाही. त्या गावात दारी आलेल्या भिकाऱ्यालाही चहा मिळतो.

"आज काय पकडायला आलात, बू?"

"पाक मिस्दी, तुमची यादी बरोबर होती. चूक माझ्या फॉर्म्युल्याची होती. माझी होती."

त्यानं घड खाली ठेवला आणि तिच्या मागं रस्त्याकडे पाहिलं, जणू आणखी कोणी लपून ऐकतंय. "हे म्हणायला तुम्हाला कुणी पाठवलं? संस्थेवर केस झालीय का?"

"कुणी नाही पाठवलं."

"मग लिहून द्या. तुमच्या हातानं. नाव, तारीख, सगळं."

तिनं नावांच्या कागदामागे टेम्पोच्या फळीवर टेकून लिहिलं. शेहेचाळीस माणसं खरी आहेत, मिस्दीनं काहीही खोटं केलेलं नाही. त्यानं ते दोनदा वाचलं, शेजाऱ्याला हाक मारून त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मग घडी घालून खिशात ठेवलं.

"दोन वर्षं मशिदीत माझ्या शेजारी बसताना लोक पाकीट चाचपायचे," तो म्हणाला. "गंमत म्हणून हं. सगळे हसायचे." आणि पुन्हा घड उचलला.

सोमवारी ती गालिहला घेऊन सुरोसोंच्या खोलीत गेली. त्यांनी ऐकलं, दार लावून घेतलं, आणि म्हणाले, "तीनशे एकोणऐंशी ना? परत यादीत घालून टाका. गाजावाजा कशाला? देणगीदार विचारतील."

"तीनशे एकोणऐंशी या वेळचे, पाक. त्याआधीची अकरा वर्षं आहेत."

"जुन्या फाइली कोण उघडणार?"

"मी."

सुरोसो गालिहकडे बघत म्हणाले, "हे याच्या डोक्यातून आलंय का?"

"माझ्या फॉर्म्युल्यातून आलंय," विलुजेंग म्हणाली. पेन ड्राइव्हवर जुन्या याद्या तिनं सकाळीच घेतल्या होत्या. कुणी त्या पुसेल, असं तिला वाटलं होतं. आता सुरोसोंचा चेहरा बघून ते वाटणं चुकीचं नव्हतं, याची तिला खात्री पटली.

जुन्या सगळ्या याद्यांना गालिहच्या पद्धतीनं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. दोन हजार एकशे सात माणसं. त्यापुढचं काम मात्र कुठल्याच फॉर्म्युल्यानं वेगात होणार नव्हतं. ती फोन घेऊन बसली. कुणी म्हणायचं, आईनं दुसरीकडे करून घेतलं. कुणी म्हणायचं, तुम्ही फसवणारे आहात, पुन्हा फोन करू नका. एका मुलानं शांतपणे सांगितलं की आई मागच्या रमजानात गेली. शेवटची चार वर्षं ती भिंत धरूनच चालायची. विलुजेंगनं त्या ओळीपुढचा रकाना रिकामाच ठेवला.

तुमिराचा नंबर नोव्हेंबरच्या शिबिरात लागला. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा आता हाती लागायचा नाही. दोन वर्षांपूर्वी आली असती तर बघता आलं असतं. उजवा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा विलुजेंग खाटेच्या पायथ्याशी उभी होती. म्हातारीनं डोळा किलकिला करून आधी खिडकी पाहिली, मग पाइतुनला पाहिलं आणि म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं!"

मग तिची नजर विलुजेंगवर आली. "ही कोण?"

विलुजेंगनं आपलं नाव सांगितलं, आणि म्हणाली, "तुमचं नाव तीनदा उडवलं ती मीच, म्बाह."