बाईंनी काय दाबलं?

फळ्यावरची रेघ खाली उतरता उतरताच थरथरली, तळाशी दोनदा अडखळली आणि वर चढताना तर तिने लाजच सोडली. काढायचं होतं अन्वस्त. वाटी उभी कापली तर तिची कड जशी दिसेल, तशी गुळगुळीत वक्ररेषा. झाली होती करवतीची धार. बाईंनी ती पुसली, पुन्हा काढली. पुन्हा करवतच! वर्गात कोणी हसलं नाही. बाहेर कुत्रं शिंकलं तरी खिदळणारा मागच्या बाकावरचा लंबू, तोसुद्धा मान खाली घालून वहीत बघत बसला. आणि तिथेच बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"हसा की रे!" त्या कडाडल्या. "कोणी मेलंय का इथे?"

तरी कोणी हसलं नाही. मग तास संपेपर्यंत बाईंनी फळ्याकडे पाठ करून तोंडीच शिकवलं, आणि ते कोणाच्याही डोक्यात शिरलं नाही.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. तशा शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई आल्या!' असं कोणी ओरडलं की पोरं ज्यांच्या धाकाने बाकांवरून उड्या मारत जागा गाठायची, त्या ह्याच. हात न उचलता, एका दमात फळ्यावर अन्वस्त काढायच्या. नव्याने लागलेले मास्तर दारात उभं राहून ते बघून जायचे. आता त्यांच्या उजव्या हातात कंपवात शिरला होता. गोळ्यांनी थोडाफार आवरेल, पण बरा व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. बाईंना ते आवडलं होतं. गुळमुळीत बोलणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा.

त्यामुळे मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावलं तेव्हा बाई धास्तावल्या. मॅडम वयाने लहान, शाळेत नव्या आणि स्वभावाने फार गोड.

"बसा ना बाई. चहा सांगू?"

"नको. कपबशी वाजते. काय ते बोला."

मॅडम टेबलावरचा कागद उगाच सारखा करत म्हणाल्या, "आपल्या ग्रंथालयाला कोणीतरी जाणतं माणूस हवंच आहे. पगार तोच राहील. आणि निवृत्तीला आता राहिलंय तरी किती! शांतपणे..."

"पुस्तकांना गणित शिकवू?"

"तसं नाही हो बाई. तुम्हाला त्रास नको, आणि मुलांचंही नुकसान नको, एवढंच."

नुकसान हा शब्द बाईंना लागला. खोटा असता तर त्यांनी मॅडमना तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं. पण सकाळचा तास त्यांनी स्वतःच बघितला होता. त्यांची नजर मॅडमच्या मागच्या कपाटाकडे गेली. कपाटात आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरांचा अख्खा संच खोक्यांसकट पडून होता. शाळेला कोणीतरी दिलेला, आणि बाईंच्याच विरोधामुळे न वापरलेला. 'आलेख डबडं काढणार आणि पोरं बघणार, ह्याला शिकणं म्हणतात होय?' असं भर सभेत म्हणून त्यांनी तो विषय बंद पाडला होता.

"ते डबडं द्या मला एक," बाई म्हणाल्या.

"कोणतं?"

"तेच. आलेख ते काढेल, शिकवीन मी. महिन्याभराने वर्गात येऊन बसा. तास फसला तर ग्रंथालयाच्या किल्ल्या मी स्वतः मागायला येईन. पण त्याआधी मला कपाटात ठेवायचं नाही."

घरी आल्यावर बाईंनी डबडं टेबलावर ठेवलं आणि शत्रूकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत बसल्या. बटणं मुगाएवढी. एकेका बटणाला तीन तीन कामं, आणि प्रत्येक काम वेगळ्या रंगात लिहिलेलं. माहितीचं पुस्तक इतकं जाड की उशाला घेता यावं. बाईंचे यजमान जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. ते चष्मा कपाळावर चढवून पुस्तक मोठ्याने वाचू लागले आणि बाई दाबू लागल्या. म्हणजे दाबायला जायच्या एक आणि दाबलं जायचं शेजारचं.

"अगं, सातच्या जागी आठ पडला."

"दिसतंय मला!"

"आता पुसलं गेलं सगळं."

"तेही दिसतंय!"

घड्याळजींनी दोन दिवस काही बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका डब्याचं पारदर्शक झाकण कापलं, प्रत्येक बटणाच्या वर नेमकं भोक पाडलं आणि ते कॅल्क्युलेटरवर बसवलं. आता बोट भोकात शिरलं की शेजारी घसरायचं नाही. बाई खूश झाल्या, पण तसं बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या म्हणाल्या, "कडा टोचतायत." घड्याळजींनी मुकाट्याने कडा घासून दिल्या.

घसरणं थांबलं, पण एक खोड राहिलीच. भोकात शिरलेलं बोट तिथल्या तिथे थरथरायचं आणि एकदा दाबायचं बटण दोनदा दाबलं जायचं. बाई चिडायच्या, सगळं पुसायच्या, परत सुरू करायच्या. हात जितका चिडेल तितका जास्त हलायचा. जेवताना घड्याळजी जपून म्हणाले, "मी काय म्हणतो, बटणं एखाद्या हुशार पोरीला दाबू दे. तू नुसतं सांग. त्यात काय कमीपणा?"

"आज बटणं पोरं दाबतील, उद्या फळा पोरं पुसतील, परवा माझ्याऐवजी बोलायलाही तीच उभी राहतील. मग मी काय, हजेरीपुरती?"

"बरं बाई, राहिलं."

"राहिलंच!"

पुढच्या रविवारी बाई एक्स वर्ग वजा चारचा आलेख काढायला बसल्या. सगळ्यात साधं अन्वस्त, उणे चारवर तळ. बटणं दाबली आणि पडद्यावर भलतंच आलं. वाटी नाहीच. डावीकडे एक उभी काठी, उजवीकडे एक उभी काठी, मध्ये शुकशुकाट.

"बिघडलं," बाई म्हणाल्या. "आणा तुमची भिंगं. ह्याच्यात काही दम नाही."

घड्याळजींनी सेल काढून पुसले, परत बसवले. काठ्या जागच्या जागी. "यंत्र ठणठणीत आहे," ते म्हणाले, आणि पुढे काही न बोलण्याचा शहाणपणा त्यांनी दाखवला.

बाईंनी समीकरणाचं पान उघडलं. तिथे चार नव्हता, चव्वेचाळीस होता. बोटाने चार दोनदा दाबला होता. नेहमीप्रमाणे पुसायला हात गेला आणि तिथेच थांबला. चव्वेचाळीस. म्हणजे तळ उणे चव्वेचाळीसवर. पडदा दाखवतो उणे दहापर्यंतच. म्हणजे वाटी आहे, पण तिचा तळ पडद्याच्या खाली, पार तळघरात! ह्या दोन काठ्या म्हणजे वाटीच्या भिंती. बाईंनी धडपडत पडद्याची मर्यादा उणे पन्नासपर्यंत नेली आणि भिंती खाली जाऊन एकमेकींना भेटल्या.

"अहो! इकडे या! सापडली!"

"काय सापडली?"

"वाटी! आणि कसली देखणी आहे बघा!"

"पण उत्तर चुकलंच ना शेवटी?"

"चुकलं हो! पण इतकी चांगली चूक मी अख्ख्या नोकरीत एकदाही फळ्यावर काढली नाही."

त्या दिवशी बाईंनी एकही आलेख पुसला नाही. एक्स दोनदा पडला तेव्हा वाटीचा साप झाला. वर्गाचं बटण दोनदा पडलं तेव्हा वाटीचा तळ पसरट झाला आणि भिंती अंगावर आल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. प्रत्येक वेळी बाई आधी नुसतं चित्र बघायच्या, आपण काय दाबलं असेल ते मनाशी ठरवायच्या आणि मगच समीकरण उघडायच्या. घड्याळजींनी जेवायला तीन हाका मारल्या आणि शेवटी एकटेच जेवले.

ठरलेल्या दिवशी मॅडम वर्गात येऊन शेवटच्या बाकावर, चष्मेवाल्या मुलीच्या शेजारी बसल्या. दोघा दोघांत एक कॅल्क्युलेटर वाटला होता. बाईंचा कॅल्क्युलेटर मोठ्या पडद्याला जोडलेला. मॅडमना बघून बाईंचा हात नको तेवढा हलायला लागला. बाईंनी तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला.

"हा माझा हात," त्या म्हणाल्या. "ह्याला कंपवात झालाय. बरा होणार नाही, वाढणार आहे. मला गणित येतं, ह्याला येत नाही. ज्याला हसायचंय त्याने आत्ता हसून घ्या, तासात मधेच हसाल तर खबरदार."

लंबूला राहवलं नाही आणि तो फिस्सकन हसला. बाईंना एकदम बरं वाटलं.

"झालं हसून? आता बघा. मी दाबायला चाललेय एक्स वर्ग वजा चार. ह्या हाताला एक बटण दोनदा दाबायची खोड आहे. आज ह्याच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही."

समीकरण दिसू न देता त्यांनी बटणं दाबली. पडद्यावर डावीकडून खालून एक साप वर आला, मध्ये जरा आडवा झाला आणि उजवीकडे फणा काढून निघून गेला.

"वाटी यायला हवी होती, आला हा. सांगा, मी काय दाबलं?"

"चार दोनदा!" लंबू उभा राहून ओरडला.

"तोंडाने नको. दाबून बघ काय येतं."

लंबूने दाबलं. दोन काठ्या आल्या. "हे काय झालं? आमचं बिघडलं बाई!"

"बिघडलं नाही. तळ कुठे गेला ते शोधत बस. दुसरं कोणी?"

मग वर्गात जी झुंबड उडाली ती उडाली. कोणी वजाच्या जागी अधिक घेतलं, कोणी वर्ग दोनदा दाबला, कोणी शेजाऱ्याच्या हातून यंत्र ओढलं. शेवटच्या बाकावर मॅडम चष्मेवालीला म्हणत होत्या, "अगं, मला पण दे ना जरा!" पण चष्मेवाली देईना. ती पडद्याकडे एकटक बघत होती.

"बाई," ती सावकाश म्हणाली, "एक्स वर्ग वजा चार कधीच उणे चारच्या खाली जात नाही. वर्ग उणे नसतोच. हा तर डावीकडे खाली खालीच गेलाय. म्हणजे हा वर्गच नाही. एक्स दोनदा पडला. एक्स गुणिले एक्स वर्ग. घन!"

बाईंनी समीकरण उघडून दाखवलं. घनच होता. वर्गाने असा गलका केला की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात आले.

तासानंतर मॅडम भरभरून बोलत होत्या. "काय युक्ती काढलीत बाई! मुद्दाम चुका करायच्या आणि मुलांकडून..."

"मुद्दाम नाही."

"अं?"

"मुद्दाम मी एकही बटण चुकीचं दाबलं नाही. आणि हा हात ह्याहून वाईट होणार आहे, तेही ऐकून ठेवा. ज्या दिवशी मुलांचं खरंच नुकसान होईल, त्या दिवशी मी आपणहून सांगेन. तोवर ग्रंथालयाचं नाव काढायचं नाही."

मॅडम गोड हसल्या नाहीत. "नाही काढणार," एवढंच म्हणाल्या. बाईंना त्या पहिल्यांदाच आवडल्या.

त्याला महिना झाला असेल नसेल. बाई आणि मॅडम बोलत बोलत वर्गाकडे येत होत्या, तर आतून नुसता कल्ला. "काय दाबलं? काय दाबलं?" दोघी दारातच थांबल्या. लंबू बाईंच्या टेबलापाशी उभा होता. समोर बाईंचा कॅल्क्युलेटर, आणि उजवा हात तो थडथड हलवत बटणांवर आपटत होता. बाकांवरही जो तो हात थरथरवत आपापल्या यंत्रावर तुटून पडला होता.

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. "काय चाललंय हे? नक्कल करता? लाज नाही वाटत?"

लंबूचा हात हवेतच राहिला.

"नक्कल नाही मॅडम," तो चाचरत म्हणाला. "आम्ही खेळतोय. मुद्दाम चूक केली की लगेच ओळखू येते. हात हलवला तरच खरी चूक होते."

आपला हात बाहेरून कसा दिसतो ते बाई पहिल्यांदाच बघत होत्या. इतका वाईट दिसतो! वळावं आणि सरळ घर गाठावं असं त्यांना वाटलं. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो झटकला आणि तरातरा आत गेल्या.

"सरक," त्या लंबूला म्हणाल्या. "असा हलतो होय माझा हात? तू तर माश्या हाकलतोयस."

त्यांनी उजवा हात वर उचलला आणि सगळ्या बाकांवरून दिसेल असा खिडकीच्या उजेडात धरला. हात हलत होता.

"आधी अंगठा. मग हे बोट. मग बाकीची. उठून जवळ या, मागच्यांना दिसत नसेल तर."

मुलं उठून जवळ आली. बाईंनी त्यांना पुरेसा वेळ बघू दिलं.

"बघितलंत? हं. आता दाबा."