थॉर्नलीसाहेबांचा शेवटचा तह

मित्रांनो, चांदीची मूठ असलेली ही काठी बोलते आहे. आता मी कोट टांगायच्या कपाटात उभी असते आणि मला कुणी फारसं हात लावत नाही. पण ज्यांच्या हातात माझं आयुष्य गेलं, त्यांची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या सुताराने मला घडवलं, घोड्यावरून पडून पाय अधू झालेल्या ऑसवल्ड थॉर्नली नावाच्या तरुणासाठी. घराणं उमरावाचं. पुढे ते लॉर्ड झाले, राजदूत झाले, मंत्रीही झाले. सीमेवरून लढणारे दोन देश त्यांनी एका टेबलाशी बसवले. कैदी आपापल्या घरी परतले, तेव्हा वर्तमानपत्रांत साहेबांबरोबर माझाही फोटो आला. पण त्या देशांना त्यांनी दिलेला शब्द त्यांच्याच सरकारने मोडला. साहेबांनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला, आणि घरातला फोन वाजेनासा झाला.

पत्नी अमेरिकन, म्हणून दोघं व्हर्जिनियात हर्नडनला येऊन राहिली. २००१ साली ती वारली. मूलबाळ नव्हतं. साहेब चहाचे दोन कप काढायचे, मग थोडा वेळ थांबून एक परत ठेवायचे. सहा भाषा येणारा माणूस, पण आठवडेच्या आठवडे त्यांचा आवाज मला ऐकू यायचा नाही.

मग शेजारी नागपूरचे प्रल्हादकाका आले. बायको गेल्यावर मुलीने, शैलजाने, त्यांना इथे आणलं होतं. ती दिवसभर ऑफिसात. एका हिवाळ्यात साहेब बर्फावर घसरून पडले, ते काकांना खिडकीतून दिसलं. त्यांनी धावत येऊन साहेबांना उठवलं. तेव्हापासून दोघं रोज एकत्र फिरायला जाऊ लागले. काकांचं इंग्रजी मोडकं होतं, पण साहेब हसायला लागले होते. मी ते हसणं फार वर्षांनी ऐकत होते.

२००६ साली काकांनी कायमचं नागपूरला परत जायचं ठरवून तिकीट काढलं. शैलजाने त्यांना न विचारता ते कॅन्सल केलं. बापलेकीचं बोलणंच बंद झालं. काकांनी फिरताना हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी दोघांना चहाला बोलावलं.

त्यांनी एकच अट घातली. आपली तक्रार मांडायची नाही; समोरच्याला कशाची भीती वाटते, तेवढंच सांगायचं.

साहेबांनी कपांत चहा ओतला. मग शैलजा म्हणाली, "बाबांना वाटतं, या परक्या गावात ते असेच गप्प बसून संपतील."

काका खाली बघत म्हणाले, "आईच्या वेळी हिला पोचता आलं नाही. मीही तसाच जाईन, याची हिला धास्ती आहे."

शैलजा रडायला लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच टेबलावर ठरलं की काकांनी हिवाळा नागपुरात त्यांच्या बहिणीकडे काढायचा, उन्हाळा इथे, आणि फोन रोज करायचा.

निघताना शैलजा दाराशी थबकली. "साहेब, बाबा नागपूरला गेल्यावर तुम्ही एकटे पडाल."

"मध्यस्थाने स्वतःसाठी काही मागायचं नसतं," साहेब म्हणाले.

हिवाळा लागला आणि काका नागपूरला गेले. साहेब त्याच वाटेवर माझ्यासोबत फिरत राहिले. अधूनमधून थांबायचे, बाजूला बघायचे. माझी मूठ ते पूर्वीपेक्षा घट्ट धरत. शैलजाला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा. या शनिवारी साहेबांकडे नक्की जाऊ, असं ती दर आठवड्याला ठरवायची. फेब्रुवारीत साहेब झोपेतच गेले. त्यांच्या पुतण्याने घर आवरताना मला शैलजाकडे दिलं.

उन्हाळ्यात काका परतले. मला हातात घेऊन ते साहेबांच्या बंद दारापर्यंत गेले आणि पायरीवर बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातलं भांडण मिटवून कुणी एकटा आपल्या घरी निघाला, तर त्याला फाटकाशी हात हलवून मागे वळू नका. त्याच्याबरोबर थोडं चालत जा, आणि त्याचा चहा होईपर्यंत तिथे बसा.