मुर्जोच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. रोडोपीच्या डोंगरात मी कळपाच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यात वाजत असे. माझा आवाज पलीकडच्या उतारावर ऐकू जाई, म्हणून माझं भारी कौतुक! पुढे कळप विकला आणि मी खुंटीवर काळी पडले.

मग घरची सून रालित्सा हिने मुर्जो नावाचं कुत्र्याचं पिल्लू आणलं. सासूबाई दोन्का म्हणाल्या, "ही बांध त्याला. लांडगा फिरकणार नाही."

लांडगा फिरकला नाही. पण कुत्रीही फिरकेनात. मुर्जो खेळायला वाकला की मी जमिनीवर आपटे. ठण्! तो दचके. हळूहळू त्याने वाकणंच सोडलं. ताठ मान बघून इतर कुत्र्यांना वाटे, हा भांडायलाच आलाय. ती गुरगुरत, मग मुर्जोही दात दाखवी.

"अगदी तुझ्या सासऱ्यांवर गेलाय," दोन्का म्हणत. "कुणाशी म्हणून पटत नाही!"

रालित्साला हसू येत नसे. तिची चिमुकली यना दिवसभर मुर्जोला चिकटलेली. भांडणात पोरीला कुणी चावलं तर? शेवटी ठरलं, वसंतात मुर्जोला वरच्या मेंढवाड्यावर धाडायचं. यनाने जेवण सोडलं.

मार्चची पहिली तारीख आली. त्या दिवशी आमच्याकडे माणसांना, कोकरांना, झाडांनाही लाल-पांढरा दोरा बांधतात.

"आई, मुर्जोला पण! पण घंटेमुळे दोरा दिसणारच नाही," यना म्हणाली.

रालित्साने मला काढून कठड्यावर ठेवलं. दोरा बांधला, तोच शेजारची कुत्री लिसा फाटकातून आत शिरली.

"आई, काठी आणा काठी!" यनाला कडेवर उचलत रालित्सा ओरडली.

दोन्का काठी घेऊन धावत आल्या आणि थबकल्या. मुर्जोने छाती जमिनीला टेकवली होती, ढुंगण वर, शेपटी भिरभिर. लिसाही तशीच वाकली. मग दोघं आलुबुखाराच्या झाडाभोवती सुसाट!

रालित्साने मला उचललं, स्वतःच्या गळ्यात अडकवलं आणि वाकून पाहिलं. ठण्!

"अगं बाई! याला वाकताच येत नव्हतं हो!"

"मग तुझ्या सासऱ्यांच्याही गळ्यात काय अडकलंय ते बघायला हवं," दोन्का म्हणाल्या.

मुर्जो घरीच राहिला. मी आता फाटकावर असते.

मित्रांनो, कुणी फटकून वागत असेल, तर त्याला दूर धाडण्याआधी त्याच्या गळ्यात आपणच काय बांधलंय, ते जरा चाचपून बघा.

ठण्! आली बघा लिसा.